तुर्गो : वीस महिन्यांचा अर्थमंत्री आणि सरदारांना न पचलेला रस्त्याचा कर

कोरडवाहू (मूळ धागा)

फ्रेंच राज्यक्रांतीवर कुठेही चर्चा निघाली की गाडी थेट बास्तीयचा तुरुंग, गिलोटिन आणि 'पाव नसेल तर केक खा' या वाक्यावर जाते (राणी मारी आंत्वानेत तसं बोलल्याचा पुरावा नाही, पण तो वाद इथे नको). मला त्याच्या पंधरा वर्षं आधीच्या एका मंत्र्याबद्दल लिहायचंय. आन-रोबेर-झाक तुर्गो. २४ ऑगस्ट १७७४ ला लुई सोळाव्याने त्याला कंट्रोलर जनरल केलं, म्हणजे अर्थमंत्रीच, पण रस्ते, व्यापार, धान्य असं सगळंच त्याच्या गळ्यात. १२ मे १७७६ ला घरी पाठवला. या वीस महिन्यांत या माणसाने दरबार, सरदार, न्यायाधीश, करवसुलीचे मक्तेदार आणि कारागिरांची गिल्डं (धंदेवार बंद संघ) असे सगळे अंगावर घेतले, आणि वर पॅरिसच्या आसपासची भुकेली जनताही घेतली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या करावरून सगळ्यात मोठं रण पेटलं तो रस्त्याचा कर (गावकऱ्यांकडून रस्त्याचं फुकट काम, म्हणजे वेठ, करून घेण्याऐवजी सगळ्या जमीनमालकांवर बसवलेला) सरदारांना काही फार जड जाणार नव्हता. त्यांना झोंबलं ते एवढंच की आपलं नाव आणि गावातल्या साध्या जमीनवाल्याचं नाव एकाच यादीत येणार.

आता जरा मागचं. राजा नुकताच विशीत आलेला, आजोबा लुई पंधरावा देवीच्या आजाराने गेलेला, तिजोरीत खडखडाट, सात वर्षांच्या युद्धाचं कर्ज डोक्यावर, आणि आधीचा मंत्री तेरे याने सरकारला कर्ज देणाऱ्यांना अर्धवट टोपी घालून झालेली. कराची पद्धत अशी की 'ताय' नावाचा मुख्य कर सरदार आणि धर्मगुरूंना लागूच नाही. विसावा हिस्सा म्हणून एक कर होता तो कागदावर सरदारांनाही होता पण त्यांची जमीन किती उत्पन्नाची हे ठरवताना अधिकाऱ्यांची नजर फार प्रेमळ व्हायची. चर्च कर देत नसे, 'देणगी' देत असे, आणि किती द्यायची ते त्यांचीच सभा ठरवणार. मिठावरचा कर वगैरे मक्त्याने दिलेला. मक्त्याचा नवा करार झाला की मक्तेदार मंडळींनी मंत्र्याला ३ लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) नजराणा द्यायचा असा रिवाज होता, लपूनछपून नाही, अगदी उघड. तुर्गोने तो नाकारला. दरबारातल्या लोकांना तिथेच कळलं असणार की हा माणूस त्रासदायक आहे.

पद मिळालं त्याच दिवशी त्याने राजाला पत्र लिहिलं. दिवाळखोरी नाही, करवाढ नाही, कर्ज नाही. मग उरलं काय? खर्च कापणे. आणि खर्च कोणाचा, तर दरबाराचा. त्याच पत्रात त्याने असंही लिहून ठेवलंय की मला तुमच्या उदारपणाशी आणि तुमच्या जवळच्या माणसांशी भांडावं लागेल, दरबारातले बहुतेक लोक माझा द्वेष करतील, आणि ज्या जनतेसाठी हे करायचं ती इतकी सहज फसते की कदाचित तीही माझाच तिरस्कार करेल. वीस महिन्यांत यातलं प्रत्येक वाक्य खरं झालं.

हा काही पुस्तकी पंडित नव्हता (होताही, पण नुसता नाही). १७६१ पासून १३ वर्षं लिमोजला इंटेंडंट होता, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखा पण जास्त अधिकार असलेला. लिमूझाँ म्हणजे लिमोजच्या आसपासचा डोंगराळ, दरिद्री भाग, लोक चेस्टनट खाऊन दिवस काढायचे. तिथे त्याने रस्त्याची वेठ बंद केली आणि पैसे देऊन मजूर लावले, १७७० च्या दुष्काळात रोजगाराची कामं काढली, बटाटा खायला लोकांना तयार केलं. बटाईने जमीन कसणाऱ्या कुळांना उपाशी सोडून देऊ नका म्हणून जमीनमालकांच्या मागे लागला.

मग जानेवारी १७७६ मध्ये सहा फर्मानं. त्यातली चार किरकोळ (पॅरिसच्या बंदरावरची आणि बाजारातली फुकटची पदं रद्द, पॅरिसच्या धान्यावरचे पोलिसी नियम रद्द, चरबीवरचा कर, जनावरांच्या बाजारातली एक सक्तीची पतपेढी). खरी भानगड दोनच. एक, देशभरातली रस्त्याची वेठ बंद आणि त्याऐवजी सगळ्या जमीनमालकांवर कर. दोन, गिल्डं बरखास्त.

त्यावर पॅरिसच्या पार्लमाँने (हे नावाला पार्लमेंट, खरं तर उच्च न्यायालय, आणि न्यायाधीशाची जागा चक्क विकत घ्यायची, तिच्यातून सरदारकीही मिळायची) मार्च १७७६ मध्ये जो आक्षेप लिहून दिला तो मुळातून वाचण्यासारखा आहे. सारांश असा, न्यायाचा पहिला नियम म्हणजे ज्याचं जे आहे ते त्याच्याकडे राखणे, आणि यात नुसती मालमत्ता नाही तर जन्माने आणि हुद्द्याने आलेले मानही आले. धर्मगुरू प्रार्थना करतो, सरदार रक्त सांडतो आणि सल्ला देतो, उरलेला वर्ग अशी थोर सेवा करू शकत नाही म्हणून तो कर देतो आणि अंगमेहनत करतो. सगळ्यांवर सारखी जबाबदारी टाकली तर समाज उलथून पडेल. आता बघा, यात कुठेही 'आम्हाला परवडत नाही' असं वाक्य नाही!

१२ मार्चला राजाने व्हर्सायला दरबार भरवून पार्लमाँला सक्तीने फर्मानं नोंदवायला लावली. बरोबर दोन महिन्यांनी तुर्गो गेला.

मंडळी, लिहा काय वाटतं ते. दुसरी बाजू असेल तर जरूर मांडा.

---

खवचट_खापर

जागा धरून ठेवतो. लाच उघडपणे रिवाज म्हणून घेतात आणि न घेणारा तेवढा लबाड ठरतो, हे वाचून फार परकं काही वाटलं नाही, एवढंच बोलून गप्प बसतो.

---

मीना_कुलकर्णीवाडा

छान लिहिलंय. पण वेठ म्हणजे नक्की किती दिवस, कोणी, काय करायचं हे जरा सांगा ना. आणि शहरातल्या लोकांनाही होती का?

---

कोरडवाहू

मीनाताई, १७३८ मध्ये ओरी नावाच्या अर्थमंत्र्याने ती देशभर बसवली. प्रत्येक प्रांतात दिवस वेगळे. रस्त्याच्या ठराविक अंतरातल्या गावांनी माणसं, बैल, घोडे, गाड्या घेऊन जायचं, खडी टाकायची, माती वाहायची, मजुरी शून्य, जेवण आपलं आपण न्यायचं. शहरं सुटलेली, सरदार आणि धर्मगुरू सुटलेले. फ्रान्सचे मोठे रस्ते तेव्हा युरोपात नावाजलेले होते, परदेशी प्रवासी कौतुक करायचे, आणि ते अशा फुकट कामातून झालेले.

तुर्गोचा युक्तिवाद सरळ होता. रस्ता झाला की धान्याला बाजार मिळतो आणि जमिनीची किंमत वाढते, मग फायदा कोणाचा, जमीनमालकाचा. आणि काम कोण करतो, तर ज्याच्याकडे जमीनच नाही किंवा नखभर आहे तो. म्हणून मालकाने पैसे द्यावेत. यावर मिरोमेनिल नावाचा कायदामंत्री, म्हणजे त्याच मंत्रिमंडळातला सहकारी, त्याने कलमवार विरोध लिहिला, की सरदारांचे मान काढून घेतले तर या राष्ट्राचा लढाऊ बाणाच जाईल. तुर्गोने प्रत्येक कलमाला उत्तर दिलंय, ते दोघांचं लेखी भांडण शिल्लक आहे. चर्चच्या जमिनी मात्र त्याने शेवटी वगळल्या, एका वेळी दोन शत्रू नकोत म्हणून.

---

चिंचगुळ

कोरडवाहू, लेख आवडला पण तुम्ही तुर्गोला फारच सोवळं करून टाकलंत. धान्याचं एका ओळीत उरकलंत आणि खरी गोष्ट तीच आहे.

१३ सप्टेंबर १७७४ ला, म्हणजे खुर्चीत बसून महिनाही झाला नव्हता, त्याने देशांतर्गत धान्य व्यापार मोकळा केला. आधी नियम काय होते, की शेतकऱ्याने धान्य बाजारातच आणायचं, साठा करायचा नाही, आधी स्थानिक गिऱ्हाइकाला मग व्यापाऱ्याला, पोलिसांची नजर. हे सगळं काढलं. तत्त्व म्हणून बरोबर असेलही, पण त्या वर्षीचं पीक खराब आलं होतं हो! भाव चढायला लागले आणि १७७५ च्या वसंतात भडका उडाला. दिजाँला एप्रिलमध्ये, मग २७ तारखेला पॅरिसच्या उत्तरेला बोमाँ-सुर-वाझला, २ मे ला थेट व्हर्साय, ३ मे ला पॅरिस. तीनेक आठवड्यांत ३०० च्या आसपास दंगे, ज्याला पिठाचं युद्ध म्हणतात.

आणि मजा म्हणजे या 'लुटारूंनी' बऱ्याच ठिकाणी लूट केलीच नाही. त्यांनी गव्हाचा भाव स्वतः ठरवला, सेतिएला (धान्याचं तेव्हाचं माप) १२ लिव्र, आणि तेवढे पैसे मोजून धान्य नेलं. त्यांच्या डोक्यात स्पष्ट होतं की राजाचं काम म्हणजे पावाची किंमत आवाक्यात ठेवणं. पिढ्यान् पिढ्या राजाने तेच केलं होतं. तुर्गोने येऊन सांगितलं की ते राजाचं काम नाही. मग त्याने काय केलं, तर २५,००० सैन्य लावलं आणि ११ मे ला पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात दोघांना फाशी, एक विगा करणारा आणि एक जाळीचं कापड विणणारा पोरगा, १६ वर्षांचा. हे दरबारी सरदार नव्हते. विशेषाधिकारांविरुद्धचा लढा म्हणताना या पोराचं काय करायचं ते सांगा.

---

दगडफूल

+१ चिंचगुळ. आणि हे नंतर शहाणपण सुचलं असंही नाही. पुढे अर्थखातं सांभाळणाऱ्या नेकरचं धान्य व्यापारावरचं पुस्तक दंग्यांच्या तोंडावरच, एप्रिल १७७५ मध्ये बाहेर आलं. त्याचं म्हणणं असं की भुकेला माणूस 'पुरवठा आपोआप येईल' यावर दोन आठवडे थांबू शकत नाही. मालमत्तेचा हक्क ठीक पण पोटाचा हक्क आधी. नेकर बँकर होता, त्याला बाजार कळत नव्हता असं तर कोणी म्हणणार नाही.

---

कोरडवाहू

चिंचगुळ, फाशीबद्दल मी त्याची बाजू घेणार नाही. सोळा वर्षांच्या मुलाला फाशी, यात बाजू घेण्यासारखं काही नाही. फक्त दोन गोष्टी. एक, धान्याचं स्वातंत्र्य त्याने एकट्याने काढलेलं खूळ नाही, १७६३-६४ मध्ये आधीच्या सरकारने हाच प्रयोग केला होता आणि १७७० ला तेरेने गुंडाळला. तुर्गोने निर्यात तर खुली केलीही नाही, फक्त देशाच्या आत एका प्रांतातून दुसऱ्यात जायला मोकळीक दिली. एका प्रांतात उपास आणि शेजारच्यात गोदामं भरलेली हे त्याने लिमोजला डोळ्यांनी पाहिलं होतं, शेजारच्या गावांचे अधिकारी धान्याच्या गाड्या अडवून ठेवायचे आणि तो त्यांच्याशी भांडत बसायचा. दोन, दंगे चालू असतानाही त्याने परदेशी धान्य आणणाऱ्यांना बक्षीस जाहीर केलं होतं, हात बांधून बसला नव्हता.

पण वेळ चुकली हे मान्यच करायला हवं. मार्चमध्ये पीक कसं आहे हे दिसत होतं आणि हा मागे हटला नाही. त्याला खात्री वाटत होती की दंग्यांमागे कट आहे, राजाच्या नात्यातल्या प्रिन्स द काँतीकडे बोट दाखवलं जायचं. इतिहासकारांना तसा कट काही सापडलेला नाही.

---

खवचट_खापर

गप्प बसणार होतो पण राहवत नाही. म्हणजे भाव वाढले की विरोधकांचा कट, हेही १७७५ चंच म्हणायचं का 🙂

---

वाडेकर_वाडीचा

खापर, कृपया धागा आजच्या राजकारणावर नेऊ नका, चांगली चर्चा चाललीय. तुम्हाला पाहिजे तर वेगळा धागा काढा आणि तिथे एकमेकांचे केस उपटा.

माझा मुद्दा गिल्डांचा. मी स्वतः लाकूडकामाच्या धंद्यात आहे म्हणून यात रस. तुर्गोच्या फर्मानाची प्रस्तावना फार जबरदस्त आहे, देवाने माणसाला गरजा दिल्या आणि त्या भागवायला काम करावं लागेल असं केलं, तेव्हा काम करण्याचा हक्क ही प्रत्येक माणसाची मालमत्ता आहे, आणि सगळ्या मालमत्तांत ती पहिली आणि पवित्र. म्हणजे पार्लमाँ ज्या 'मालमत्ते'च्या नावाने ओरडत होती तोच शब्द घेऊन त्याने तिच्याच तोंडावर मारला.

गिल्डात शिरायचं तर वर्षानुवर्षं शिकाऊ म्हणून राबा, मग कारागीर, मग उस्ताद होण्यासाठी एक नमुना बनवून दाखवा, त्याला खर्च, मग फी, मग मेजवान्या. उस्तादाच्या पोराला मात्र बरीच सूट. बायकांना तर भरतकामसुद्धा स्वतःच्या नावावर करायची चोरी, हे फर्मानातच लिहिलंय. आणि आपसातले खटले! शिंपी विरुद्ध जुने कपडे विकणारे, की जुना कपडा कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो, पिढ्यान् पिढ्या कोर्टात.

पण एक बाजू अशीही आहे की गिल्डांनी सरकारला वेळोवेळी पैसे दिलेले, पदं विकत घेतलेली, त्यासाठी कर्ज काढलेली. म्हणजे राजानेच त्यांना हक्क विकले होते. उद्या मी सरकारकडून पैसे देऊन परवाना घेतला आणि नवा मंत्री म्हणाला परवाना हाच अन्याय आहे, तर मी पण बोंब मारणारच ना? आणि तुर्गोनेही सगळी गिल्डं नाही मोडली, औषधवाले, सोनार, छापखानेवाले, विगा करणारे न्हावी हे वगळलेच.

---

शिवकालीन_नाही_पेशवेकालीन

अवांतर आहे पण आपल्याशी जोडणारे दोन खरे धागे आहेत म्हणून लिहितो.

तुर्गो अर्थमंत्री व्हायच्या आधी महिनाभर नौदलमंत्री होता (जुलै-ऑगस्ट १७७४), तिथे त्याच्या जागी सार्तीन आला. याच सार्तीनच्या काळात १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा इसम फ्रान्सचा वकील म्हणून पुण्यात नाना फडणवीसांकडे उतरला, मोठमोठी आश्वासनं दिली, आणि इंग्रजांची झोप उडाली. पुढे वडगावपर्यंत जे झालं त्यात या प्रकरणाचाही थोडा हात आहे. तुर्गो तेव्हा मंत्री असता तर असल्या साहसांना एक लिव्रही मिळाला नसता असं मला वाटतं, कारण एप्रिल १७७६ मध्ये त्याने अमेरिकेच्या युद्धात पडू नका, तिजोरीला झेपणार नाही, असं राजाला लेखी सांगितलं होतं.

दुसरा धागा सोऱ्याचा. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो, उत्तम सोरा बंगाल-बिहारचा, आणि प्लासीनंतर तो इंग्रजांच्या मुठीत. फ्रान्सला सात वर्षांच्या युद्धात दारूची टंचाई झाली. दारू बनवायचा मक्ता खासगी कंपनीकडे होता आणि ती नफा खाऊन स्वस्थ. तुर्गोने १७७५ मध्ये तो मक्ता मोडला, सरकारी खातं केलं आणि त्यावर रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिएला बसवलं. काही वर्षांत फ्रान्सची दारू उत्तम झाली, अमेरिकनांनाही पुरवली गेली. मक्तेदारी मोडण्याचं हे एकच काम त्याच्या मागे टिकलं म्हणा ना.

---

मीना_कुलकर्णीवाडा

हे सोऱ्याचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. मला एक कळत नाही, राजा त्याच्या बाजूने होता ना? १२ मार्चला सगळ्यांच्या समोर फर्मानं नोंदवून घेतली. मग दोन महिन्यांत असं काय झालं?

---

चिंचगुळ

मीनाताई, राजा बाजूने होता. 'जनतेवर प्रेम करणारे फक्त मी आणि तुर्गो' असं तो म्हणाल्याचं सांगतात. पण तो विशीतला पोरगा, आणि त्याच्या कानाशी त्याचा मुख्य सल्लागार मंत्री, म्हातारा मोरपा. मोरपाने आधी तुर्गोला आणला आणि मग हा माणूस आपल्यापेक्षा मोठा होतोय दिसल्यावर हळूच हात काढून घेतला.

राणीचा वेगळाच राग. १७७५ मध्ये तिने आपल्या मैत्रिणीला, लांबालला, दीड लाख लिव्र पगाराचं मानाचं पद मिळवून दिलं, आणि हा इकडे मेणबत्त्यांचे पैसे मोजतोय. मग गीनचं प्रकरण. गीन हा लंडनमधला राजदूत, राणीच्या गोटातला, त्याला परत बोलावण्यात तुर्गोचाही हात होता. राणीला बदला हवा होता. तुर्गो गेला तेव्हाच गीन ड्यूक झाला. ऑस्ट्रियाचा वकील मेर्सी याने राणीच्या आईला कळवलंय की राणीला तर तुर्गोला बास्तीयमध्ये टाकायचं होतं.

त्यात तुर्गोचा स्वभाव. लाजाळू, बोलायला अडखळणारा, पण समोरच्याचं चुकलं की चेहऱ्यावर तुच्छता स्पष्ट दिसायची. माल्झेर्ब त्याचा मित्र आणि सहकारी मंत्री, तो म्हणाल्याचं सांगतात की तुम्हाला वाटतं तुम्हाला लोककल्याणाचं प्रेम आहे, पण तुम्हाला त्याचं वेड लागलंय. आणि घाई का करताय विचारलं तर हा म्हणायचा आमच्या घराण्यात पन्नाशीत संधिवाताने मरतात. (५३ व्या वर्षी गेला, १७८१ ला, त्याच आजाराने.)

---

दगडफूल

आणि ३० एप्रिल १७७६ चं ते पत्र. राजा भेटेना, उत्तर देईना, तेव्हा याने लिहिलं की महाराज, (इंग्लंडच्या) पहिल्या चार्ल्सचं डोकं ठोकळ्यावर ठेवलं ते दुबळेपणाने, हे कधी विसरू नका. आपल्या साहेबाला असलं पत्र लिहून नोकरी टिकलीय असं एक उदाहरण दाखवा.

---

कोरडवाहू

सगळ्यांचे आभार, चर्चा मला वाटलं त्यापेक्षा छान झाली.

चिंचगुळ आणि दगडफूल, स्वभाव, राणी, मोरपा हे सगळं खरंच. पण माणसं बदलूनही निकाल तोच लागला हे बघा ना. तुर्गोनंतर क्लूनी आला, स्वभावाने अगदी दरबारी, कोणाला दुखावणारा नाही. त्याने ऑगस्ट १७७६ मध्ये वेठ परत आणली, गिल्डं थोडी डागडुजी करून परत आणली, सरकारी लॉटरी काढली आणि ऑक्टोबरमध्ये वारला. मग नेकर, सगळ्यांचा लाडका, त्याने कर न वाढवता नुसत्या कर्जावर अमेरिकेचं युद्ध चालवलं. मग कालोन, सरदारांना पैसे वाटून खूश ठेवणारा, आणि शेवटी त्यालाच १७८७ मध्ये निवडक मानकऱ्यांची सभा बोलावून सांगावं लागलं की सगळ्या जमिनीवर सारखा कर हवा. म्हणजे फिरून तुर्गोच. कालोन गोड बोलून तेच मागत होता, तरी त्यालाही हाकललंच. म्हणून मी म्हणतो की पत्र गोड लिहिलं असतं तरी फार फरक पडला नसता.

वाडेकर, परवान्याचा तुमचा मुद्दा मला पटतो. तुर्गोने गिल्डांची कर्जं फेडायची सोय फर्मानात ठेवली होती, पण विकत घेतलेल्या हक्काची भरपाई हा प्रश्न त्याला नीट सुटला नाही. पार्लमाँच्या न्यायाधीशांचीही हीच भीती, कारण त्यांच्या खुर्च्याही विकतच्या. फेब्रुवारी १७७६ मध्ये बाँसर्फ नावाच्या माणसाने, जो तुर्गोच्याच कचेरीत होता, सरंजामी हक्क पैसे देऊन सोडवून घ्यावेत अशी एक पत्रिका काढली. पैसे देऊन, फुकट नाही. पार्लमाँने ती जाळायचा हुकूम काढला. एवढं वाचलं की त्यांना नुकसानभरपाई हवी होती असं वाटत नाही.

---

वाडेकर_वाडीचा

बाँसर्फचं नवीन कळलं. मग गिल्डं कायमची कधी गेली? आणि तो ४ ऑगस्टच्या रात्रीचा गोंधळ, त्यातच का?

---

कोरडवाहू

४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री कराच्या सवलती आणि बरेचसे सरंजामी हक्क गेले, सरदारांनी स्वतः उभं राहून सोडले, गावोगाव वाडे जळायला लागल्यावर. गिल्डं त्यानंतर, मार्च १७९१ च्या कायद्याने. पण जूनमध्ये लगेच दुसरा कायदा आला आणि मजुरांनी एकत्र येऊन मजुरी वाढवून मागणं हाही गुन्हा ठरला. तुर्गोच्या १७७६ च्या फर्मानातही उस्ताद आणि कारागीर दोघांनाही संघटना करायला बंदीच होती, तेव्हा ते कलम नवीन नव्हे. त्यावर तुम्ही लाकूडकामवाले काय म्हणता ते ऐकायला आवडेल, मी तर दुसऱ्याची नोकरी करणारा.

---

वाडेकर_वाडीचा

आमच्याकडे सुतारांना एकत्र आणायचं म्हणजे चहाच्या टपरीपर्यंतच जमतं, बंदीची गरजच नाही. बाकी उद्या लिहितो, गिऱ्हाईक आलंय.